तपासणीही खुली ठेवा: मुक्त हार्डवेअर प्रकल्पांच्या मेंटेनरांना खुले पत्र

मुक्त हार्डवेअर प्रकल्प चालवणाऱ्या सर्व मेंटेनरांना, या प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थांना आणि ही डिझाइन्स आपल्या उत्पादनांत वापरणाऱ्या कंपन्यांना,

स.न.वि.वि.

तुम्ही लिहिलेला कोड मी वापरतो. प्रोसेसर कोअर, यूएआरटी, एसपीआय कंट्रोलर, फिफो, बस ब्रिज अशा चिपच्या भागांचा माझ्या कामातला बराचसा आरटीएल कोड, म्हणजे सर्किटचे शब्दांत लिहिलेले वर्णन, दुसऱ्या कोणीतरी लिहून, परवाना जोडून सगळ्यांसाठी खुला केलेला असतो. त्यातले बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, पगाराविना करतात. त्याची जाणीव ठेवूनच एक मागणी करतो आहे. ज्या रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक भांडारात) कोड आहे त्याच रिपॉझिटरीत त्याची तपासणीही असावी. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल सुचवणाऱ्या प्रस्तावावर) ती आपोआप चालावी. आणि कोड डाउनलोड करणाऱ्या कोणालाही ती मोफत साधनांनी स्वतःच्या संगणकावर जशीच्या तशी पुन्हा चालवता यावी.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटणार नाही. सी भाषेसाठी लिंट हे, कोड न चालवताच त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारे साधन बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिले ते १९७८ साली, आणि आज लहानसहान लायब्ररीचाही कोड लिंट, फॉरमॅटर आणि टेस्ट यांतून गेल्याशिवाय मुख्य शाखेत जात नाही. आपल्याकडे मात्र रीडमीमध्ये एक ओळ असते: ‘सिम्युलेट केले आहे, एफपीजीएवर चालते.’ (एफपीजीए म्हणजे पुन्हा पुन्हा नवे सर्किट भरता येणारी चिप.) कोणत्या सिम्युलेटरवर, कोणत्या आवृत्तीत, कोणते पॅरामीटर लावून, किती वॉर्निंग नजरेआड करून, यातले काहीच त्या ओळीत नसते. कोड खुला, पण तो बरोबर आहे हे मानायचे ते लिहिणाऱ्याच्या शब्दावर.

हे पुरेसे का नाही ते एका लहान चुकीवरून सांगतो. एका मॉड्यूलला ‘बस_एरर’ नावाचा इनपुट आहे. वरच्या पातळीवर तो जोडताना लिहिणाऱ्याच्या हातून ‘बस_एर’ असे टंकले गेले. बहुतेक भाषांचा कंपायलर इथेच अडवेल, कारण या नावाचे काही जाहीरच केलेले नाही. व्हेरिलॉग ही हार्डवेअर लिहायची भाषा अडवत नाही. पोर्टला जोडलेले नाव अनोळखी असेल तर भाषेच्या नियमाप्रमाणे त्या नावाची एक बिटाची वायर आपोआप तयार होते. या वायरला कोणीच ड्राइव्ह करत नाही, म्हणून सिम्युलेशनमध्ये तिची किंमत झेड, म्हणजे ‘कशालाच न जोडलेली’. आता मॉड्यूलच्या आत ‘इफ बस_एरर’ अशी ओळ आहे. झेड किंवा एक्स (अज्ञात किंमत) आला की व्हेरिलॉगचा इफ ती अट खोटी धरतो आणि एल्सकडे वळतो. एल्स म्हणजे सगळे सुरळीत चालू असतानाचा मार्ग. टेस्टबेंचने (टेस्टसाठी लिहिलेल्या कोडने) बसवर मुद्दाम चूक घडवून पाहिलीच नसेल तर एकूण एक टेस्ट हिरवी. पुढे सिंथेसिस टूल (कोडचे प्रत्यक्ष सर्किट बनवणारे साधन) त्या तुटक्या तारेला शून्य समजून चूक हाताळणारे सगळे लॉजिक काढूनही टाकू शकते. एफपीजीएवर बोर्ड उठतो, एलईडी लुकलुकतात, सीरियल पोर्टवर अक्षरे दिसतात. ‘चालते’ हे विधान त्या क्षणी अगदी खरे असते. ज्या दिवशी बसवर खरोखर एरर येते त्या दिवशी सिस्टिम चुकीचा डेटा बरोबर समजून पुढे जाते, आणि तेव्हा हा कोअर ज्याच्या हातात असतो त्याने तो लिहिलेला नसतो.

ही चूक पकडायला अनुभवी इंजिनिअर लागत नाही. व्हेरिलेटर हा मुक्त सिम्युलेटर अशा वायरवर ‘इम्प्लिसिट’ नावाची वॉर्निंग देतो. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्या तर आयकॅरस व्हेरिलॉग हा दुसरा मुक्त सिम्युलेटरही देतो. फायलीच्या माथ्यावर डिफॉल्ट नेटटाइप ‘नन’ लिहिले तर सरळ एररच येते. म्हणजे औषध तीन ठिकाणी मिळते आणि तिन्ही ठिकाणी फुकट. तरीही हीच चूक वर्षानुवर्षे वापरात असलेल्या कोअरमध्ये सापडते, कारण साधन कोणी चालवलेले नसते किंवा चालवूनही त्याचे म्हणणे ऐकलेले नसते.

न ऐकण्याची तऱ्हाही ठरलेली आहे. व्हेरिलेटर मुळात वॉर्निंग आली की थांबतो, पुढे जाऊ देत नाही. मग कोणीतरी मेकफाइलमध्ये ‘नो-फेटल’ पर्याय घालतो. तेवढ्यापुरता, घाईत, डेमोच्या आदल्या रात्री. तो पर्याय नंतर कधीच निघत नाही. वॉर्निंगचा ढीग वाढत जातो आणि शेकडो ओळी दर वेळी स्क्रीनवरून सरकत असल्या की त्यात आज एक नवी आली आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. माझ्या मते तपासणी मुळीच नसलेल्या प्रकल्पापेक्षा वॉर्निंगकडे कानाडोळा करायची सवय लागलेला प्रकल्प सुधारणे जास्त अवघड असते. पहिल्याला निदान आपल्याकडे काय नाही ते माहीत असते.

चिपची गोष्ट निघाली की १९९४ सालच्या इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधल्या भागाकाराच्या चुकीची आठवण निघतेच. भागाकाराच्या कोष्टकातल्या पाच नोंदी गळाल्या होत्या, आणि इंटेलला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. लिंट असता तर ती चूक सापडली असती असे मी म्हणणार नाही; नसती सापडली. कोष्टकातली किंमत चुकीची आहे हे लिंटला कळत नाही, त्याला फॉर्मल पडताळणीच, म्हणजे गणिती सिद्धताच, हवी. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. विकलेल्या चिपमधली चूक रात्रीतून अपडेट पाठवून मिटत नाही. मास्क (चिप छापायचे साचे) बनले, वेफर भाजले गेले, की हाती उरतो तो सॉफ्टवेअरमधून काढलेला वळसा, किंवा नशीब असेल तर धातूच्या थरातला एखादा बदल आणि पुन्हा काही महिने वाट बघणे. २०२० मध्ये गूगल आणि चिप बनवणारी कंपनी स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरचे पीडीके (त्या कारखान्यासाठी चिप डिझाइन करायला लागणारी माहिती) खुले केल्यापासून मुक्त आरटीएल खरोखर सिलिकॉनवर जाऊ लागले आहे. एफपीजीएवर दहादा बदलता येणारा कोअर आणि मास्कमध्ये कोरला जाणारा कोअर आता एकाच रिपॉझिटरीतून उचलला जातो. जो उचलतो तो तुम्हाला विचारत नाही, आणि परवान्याप्रमाणे त्याने विचारायची गरजही नाही. त्यामुळे तो काय उचलतो आहे हे त्याला रिपॉझिटरीतच कळायला हवे.

आता पॅरामीटरकडे, म्हणजे कोअर वापरणाऱ्याला बदलता येणाऱ्या आकड्यांकडे, येतो. तपासणी बसवलेले चांगले प्रकल्पही इथे कमी पडतात, म्हणून जरा सविस्तर.

व्हेरिबलसारखे लिंट साधन प्रत्येक फाइल स्वतंत्र वाचते आणि नावे, रचना, शैली बघते. व्हेरिलेटर किंवा स्लँग सगळे डिझाइन जोडून, पॅरामीटरच्या किमती घालून बघतात, म्हणूनच त्यांना बिटांची रुंदी कळते. पण त्यांना दिसते ती एकच मांडणी, तुम्ही दिलेल्या पॅरामीटरची. एक साधी फिफो, म्हणजे आधी आलेला शब्द आधी बाहेर देणारी रांग, घ्या. खोलीसाठी ‘डेप्थ’ हा पॅरामीटर, प्रकार न बांधता लिहिलेला, मूळ किंमत १२. आत किती शब्द आहेत ते मोजणारा काउंटर लिहिणाऱ्याने डेप्थच्या सीलॉग-टू (दोनच्या पायाचा लॉगरिदम, वरच्या पूर्णांकापर्यंत नेलेला) इतक्या बिटांचा घेतला. १२ साठी ते ४ बिट होतात. चार बिटांत १२ मावतात, काउंटर १२ ला पोचला की ‘फुल’ वर जातो, सगळे ठीक. लिंटची एकही तक्रार नाही. दुसऱ्या कोणी ती फिफो घेऊन डेप्थ १६ केली. १६ चा सीलॉग-टू सुद्धा ४ च. आता चार बिटांच्या काउंटरला १६ ही किंमत कधीच गाठता येत नाही. १५ नंतर तो शून्यावर येतो, ‘फुल’ कधीच वर जात नाही, आणि काठोकाठ भरलेली फिफो स्वतःला रिकामी समजू लागते. सोळा शब्द गायब, आणि कुठेही एररचा मागमूस नाही.

गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की १६ घालून लिंट चालवला असता तर त्याने तिथल्या तिथे सांगितले असते की तुलनेची एक बाजू ४ बिटांची आहे आणि दुसरीला ५ लागतात. साधन तयार होते, प्रश्न विचारला गेला नाही. व्हेरिलेटरला वरच्या मॉड्यूलचे पॅरामीटर कमांडवरूनच देता येतात. त्यामुळे पाच-सहा किमतींवर लिंट फिरवणे म्हणजे सीआयच्या (प्रत्येक बदलावर तपासणी आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये एक लूप. कोणत्या किमती? सर्वांत लहान, सर्वांत मोठी, दोनचा घात, त्याच्या एक अलीकडची, एक पलीकडची. डेप्थ १ चालत नसेल तर तसे लिहा, आणि कोणी १ दिले तर इलॅबोरेशनमध्येच (डिझाइन जोडतानाच) एरर येईल अशी अट कोडमध्ये घाला. दस्तऐवजात ‘पॅरामीटर बदलता येतो’ असे लिहिणे हे वापरणाऱ्याला दिलेले आश्वासन आहे. ज्या किमती तपासल्या नाहीत त्यांचे आश्वासन देऊ नये.

सिम्युलेटर एकच असू नये, हेही याच ओघात सांगतो. व्हेरिलेटर वेगवान आहे, पण तो मुख्यतः शून्य आणि एक या दोनच किमतींत विचार करतो. आयकॅरस एक्स आणि झेड धरून चालतो. रीसेट न झालेला रजिस्टर एकाला दिसतो तर दुसऱ्यात लपतो. व्हेरिलेटरला सुरुवातीच्या किमती यादृच्छिक घ्यायला सांगता येते, तेही करावे. शिवाय योसिस या मुक्त सिंथेसिस साधनातून डिझाइन एकदा सिंथेसाइझ करून पाहावे. सिम्युलेशनमध्ये निमूट चालणारा अर्धवट इफ तिथे ‘लॅच इन्फर्ड’ (नको असलेला स्मृती-घटक तयार झाला) म्हणून उघडा पडतो, आणि योसिसची ‘चेक’ कमांड एकाच तारेला दोन ड्रायव्हर असतील किंवा कॉम्बिनेशनल लूप असेल तर दाखवते. कोडमध्ये ऑलवेज-कॉम्ब (‘इथे स्मृती नको’ असे सांगणारा ब्लॉक) लिहिले असेल तर लॅच निघाला की योसिस एरर देऊन थांबतो. साध्या ऑलवेजमध्ये तो फक्त लॉगमध्ये नोंद करतो, आणि लॉग कोण वाचते? म्हणून ती ओळ सीआयने शोधावी आणि सापडली तर लाल दिवा लावावा.

यावर तुम्ही काय म्हणाल याची मला कल्पना आहे, आणि ते खोटे नाही. ‘लिंट फार बडबड करतो.’ हो, करतो. न वापरलेल्या सिग्नलची वॉर्निंग प्रत्येक बस इंटरफेसवर येते, कारण ३२ बिटांच्या पत्त्यातले आठच बिट आपल्याला हवे असतात. ‘अनऑप्टफ्लॅट’ ही वॉर्निंग पुष्कळदा सिम्युलेशनच्या वेगाबद्दल असते, चुकीबद्दल नाही. अशा वेळी वॉर्निंग गप्प करण्यात काहीच गैर नाही, फक्त कशी गप्प केली ते बघायला हवे. संपूर्ण प्रकल्पावर ‘विड्थ’ वॉर्निंग बंद करणे वेगळे, आणि एका फाइलमधल्या एका सिग्नलपुरता वेव्हर (वॉर्निंग सोडून देण्याची नोंद) लिहून शेजारी कारण देणे वेगळे. ओपनटायटन या मुक्त सुरक्षा-चिपच्या प्रकल्पात वेव्हरच्या फायली ज्या त्या हार्डवेअर ब्लॉकच्या फोल्डरमध्येच ठेवलेल्या असतात. त्या कोणीही उघडून वाचू शकतो, आणि न पटल्यास इश्यू उघडू शकतो. मला कोणताही नवा कोअर हाती आला की आधी वेव्हरच वाचावेसे वाटतात, रीडमी नंतर. लिहिणाऱ्याने कुठे विचार केला आणि कुठे नुसते हात झटकले ते तिथे लगेच दिसते. ‘वरचे २४ बिट मुद्दाम सोडले, पत्ता डिकोडर वर आहे’ हे कारण. ‘लिंटसाठी’ हे कारण नव्हे.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. कोड पंधरा वर्षांचा आहे, चालतो आहे, त्याला हात लावला तर चालणारे बिघडेल. ही भीती मी हलकी मानत नाही. बिटांची रुंदी ‘दुरुस्त’ करताना साइन एक्स्टेन्शन (ऋण संख्येचे चिन्ह वाढीव बिटांत नेणे) बदलले आणि चांगला गुणाकार बिघडला असे सहज होऊ शकते. म्हणून जुन्या कोडवर एकदम कुऱ्हाड चालवू नका. आजच्या वॉर्निंगची यादी फाइलमध्ये गोठवून ठेवा आणि सीआयला एवढेच सांगा: या यादीत नसलेली एकही नवी वॉर्निंग येता कामा नये. ढीग निदान वाढायचा थांबतो. मग सवडीने एकेक मॉड्यूल घ्या. सफाईच्या कमिटमध्ये फक्त सफाई असू द्या, वागणुकीतला बदल नको. आणि सफाईच्या आधीचे आणि नंतरचे डिझाइन योसिसच्या इक्विव्हॅलन्स तपासणीतून काढा. दोन्ही सारखे निघाले तर निर्धास्तपणे मर्ज करा. वेगळे निघाले तर एकतर सफाई चुकली आहे किंवा जुन्या कोडमध्ये खरोखर बग होता. दोन्ही वेळा कळले हे चांगलेच झाले. आपल्या क्षेत्राला हे एक मोठे सुख आहे. दोन सर्किटे एकसारखी आहेत हे आपल्याला सिद्ध करता येते, आणि सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये ते इतके सहज जमत नाही. ते हाताशी असून न वापरणे मला खरेच खटकते.

काही मोठे प्रकल्प म्हणतात की त्यांच्याकडे व्यावसायिक लिंट आहे, तो अधिक खोलात जातो, आणि अंतिम सही त्याच्यावरच होते. जरूर होऊ द्या. पण बाहेरच्या योगदानकर्त्याकडे तो परवाना नसतो. त्याची पुल रिक्वेस्ट नाकारली जाते आणि कारण म्हणून जो अहवाल असतो तो त्याला बघायला मिळत नाही, किंवा बघितला तरी स्वतः पुन्हा काढता येत नाही. तो सुधारणा करतो, पुन्हा पाठवतो, दोन दिवसांनी पुन्हा ‘लिंट फेल’. तिसऱ्या खेपेला तो माणूस येत नाही. म्हणून मुक्त साधनांची तपासणी हा पहिला दरवाजा असावा आणि व्यावसायिक साधन त्यानंतरचा. पहिल्या दरवाजातून काय जाते आणि काय जात नाही हे प्रत्येकाला घरी बसून कळले पाहिजे. ओपनटायटन व्यावसायिक लिंटच्या जोडीला व्हेरिलेटर आणि व्हेरिबल दोन्ही वापरतो, म्हणजे मोठ्या प्रकल्पालाही हे परवडते.

फॉरमॅटिंगबद्दल थोडक्यात. टॅब की स्पेस, बिगिन कुठल्या ओळीवर, पोर्ट एकाखाली एक की नाही, यावर माणसांनी वाद घालू नये. व्हेरिबलचा फॉरमॅटर जे करेल ते मान्य करावे आणि पुढे जावे. मेंटेनरचा वेळ आर्किटेक्चर वाचण्यात जावा.

साधनाची आवृत्ती मात्र बांधून ठेवा. व्हेरिलेटरची नवी आवृत्ती आली की नव्या वॉर्निंग येतात, जुन्यांची नावे फुटतात. पाचव्या आवृत्तीच्या काळात एकट्या ‘विड्थ’ची ‘विड्थट्रंक’ आणि ‘विड्थएक्सपांड’ अशी दोन झाली. आवृत्ती सैल सोडली तर एके सकाळी काहीच न बदलता सगळा सीआय लाल होतो, आणि दुसऱ्याच कारणासाठी पुल रिक्वेस्ट पाठवणारा नवखा माणूस गोंधळून जातो. आवृत्ती वाढवणे हे स्वतंत्र काम, स्वतंत्र कमिट.

व्हेरिलॉग तयार करून देणाऱ्या चिझेल किंवा स्पायनलएचडीएल या भाषांत लिहिणाऱ्यांनी तयार झालेल्या व्हेरिलॉगवर शैलीचा लिंट लावून काही साधत नाही. तो कोड माणसाने लिहिलेलाच नाही. तिथे तपासणी जनरेटरच्या कोडवर आणि जनरेटरच्या वेगवेगळ्या कॉन्फिगरेशनवर हवी. व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर-भाषेत लिहिणाऱ्यांकडे जीएचडीएल हा सिम्युलेटर आहे आणि भाषाच मुळात कडक आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या अर्ध्या चुका त्यांच्या वाट्याला येत नाहीत. सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांनाही हे लागू आहे. २०२४ च्या आठव्या आवृत्तीपासून कायकॅड या मुक्त साधनाच्या ईआरसी (जोडण्यांची) आणि डीआरसी (मांडणीची) या दोन्ही तपासण्या कमांड लाइनवरून चालतात, म्हणजे बोर्ड बनवायला लागणाऱ्या गर्बर फाइल्स प्रसिद्ध करण्याआधी सीआयने बोर्ड तपासायला कसलीच अडचण उरलेली नाही.

यंत्राला काय दिसत नाही तेही स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर हिरवी खूण बघून लोक निर्धास्त होतील. क्लॉक डोमेन क्रॉसिंग हा सर्वांत मोठा आंधळा कोपरा. एका क्लॉकचा सिग्नल दुसऱ्या क्लॉकच्या फ्लिप-फ्लॉपमध्ये सरळ घेतला तर मेटास्टेबिलिटी (धड शून्य नाही, धड एक नाही अशी अवस्था) येते, आणि साध्या सिम्युलेशनमध्ये ती दिसतच नाही. या बाबतीत मुक्त साधने अजून व्यावसायिक साधनांच्या तोडीची नाहीत. ती होईपर्यंत एक शिस्त आपल्या हातात आहे: दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर प्रकल्पभर एकाच नावाच्या मॉड्यूलमध्ये ठेवा, आणि क्लॉक ओलांडणारा प्रत्येक एक बिटाचा कंट्रोल सिग्नल त्याच मॉड्यूलमधून जाऊ द्या. अनेक बिटांचा बस मात्र त्यातून ढकलू नका. त्याला ग्रे कोड, हँडशेक किंवा असिंक्रोनस फिफो. असे केले की निदान रिव्ह्यू करणाऱ्याला कुठे बघायचे ते कळते आणि एखादी छोटी स्क्रिप्टही ते शोधू शकते. एका फाइलमध्ये दोन क्लॉक दिसले आणि ते मॉड्यूल दिसले नाही तर माणसाला हाक मारायची, एवढे स्क्रिप्टला जमते.

कोअर बरोबर ‘काम’ करतो का हेही लिंटला कळत नाही. त्यासाठी टेस्ट आणि फॉर्मल. रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा कोअर लिहिणाऱ्यांना क्लेअर वुल्फ यांनी सुरू केलेला रिस्क-फाइव्ह फॉर्मल प्रकल्प तयार मिळतो: ठरावीक इंटरफेस कोअरला जोडायचा आणि प्रत्येक सूचना स्पेसिफिकेशनप्रमाणे वागते का ते सॉल्व्हरकडून तपासून घ्यायचे. पण लिंटनेच कोड स्वच्छ नसेल तर फॉर्मलमध्ये निघणारे पहिले काही अपयश टंकलेखनाच्या चुकांचेच असते, आणि महाग साधन स्वस्त चुका शोधण्यात खर्ची पडते. अलीकडे भाषा-मॉडेलकडून लिहून घेतलेला आरटीएल पुल रिक्वेस्टमध्ये येऊ लागला आहे. तो दिसायला नेटका असतो, टिप्पण्याही व्यवस्थित असतात, त्यामुळे वाचताना डोळा घसरतो. अशा कोडला तर दारातच हे सगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि ते विचारणारा थकणारा नसावा.

एक विनंती बॅजबद्दल. प्रकल्पाच्या माथ्यावर गुणवत्तेचा एकच आकडा लावू नका. आकडा लागला की लोक आकड्यासाठी कोड लिहू लागतात. वेव्हर वाढवले की आकडा सुधारतो. त्याऐवजी साधी वस्तुस्थिती लिहा: अमुक आवृत्तीचा व्हेरिलेटर, या पॅरामीटरवर, इतके वेव्हर, त्यांची फाइल इथे. दोन सिम्युलेटर, योसिस सिंथेसिस, क्लॉक क्रॉसिंग हाताने तपासले किंवा तपासलेले नाही. ‘तपासलेले नाही’ असे लिहिणाऱ्या प्रकल्पावर माझा विश्वास कमी होत नाही, वाढतो.

आता संस्था आणि कंपन्यांकडे वळतो, कारण सगळा भार मेंटेनरांच्या डोक्यावर टाकून हे होणार नाही.

कंपन्यांनो, तुम्ही मुक्त कोअर घेता आणि आपल्या व्यावसायिक लिंटमधून काढता. शे-दोनशे तक्रारी निघतात. तुमचा इंजिनिअर त्यातल्या खऱ्या चुका दुरुस्त करतो, बाकीच्या दाबतो आणि ते सगळे तुमच्या आतल्या शाखेत राहते. पुढची कंपनी तेच काम पहिल्यापासून करते. लिंटचा अहवाल बाहेर देता येत नसेल तर देऊ नका, दुरुस्ती तरी परत पाठवा. एका कमिटमध्ये एक चूक, एक ओळ कारण. तुमच्या इंजिनिअरचे काम झालेलेच असते. फक्त ते मूळ रिपॉझिटरीपर्यंत पोचवायला अर्धा दिवस द्यायचा.

संस्थांना सांगणे असे की साधनांना पैसे द्या, नुसत्या कोअरना नको. चिप्स अलायन्स या मुक्त हार्डवेअरच्या संस्थेने व्हेरिबल आणि एसव्ही-टेस्ट्स हे प्रकल्प चालवून उत्तम काम केले आहे. कोणते साधन सिस्टिमव्हेरिलॉगचा (व्हेरिलॉगच्या विस्तारित रूपाचा) कोणता भाग समजते हे एसव्ही-टेस्ट्समुळे कोणालाही बघता येते, आणि त्या तक्त्यामुळे साधने लिहिणाऱ्यांनाही आपली कमतरता कळते. असेच काम क्लॉक डोमेन तपासणीसाठी व्हायला हवे. त्याला कोणा एका हौशी माणसाच्या रविवारवर सोडू नका, पूर्ण वेळ पगार देऊन माणसे लावा. आणि तुमच्या छताखाली नवा प्रकल्प घेताना परवान्याची फाइल आहे का हे जसे बघता, तसेच तपासणीची फाइल आहे का हेही बघा. नसेल तर प्रकल्प नाकारू नका, ती बसवून द्या.

हे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये म्हणून टायनी टेपआउट या, अनेकांची लहान डिझाइन्स एकाच चिपवर बनवून देणाऱ्या प्रकल्पाचे उदाहरण देतो. तिथे आयुष्यात पहिल्यांदाच चिप डिझाइन करणारी माणसे येतात. त्यांना रिपॉझिटरीचा साचा मिळतो आणि त्यात टेस्ट, लेआउट तयार करणे आणि पूर्वतपासणी हे सगळे कमिट केल्याबरोबर आपोआप चालते. नवशिक्यालाही लाल खूण का आली ते लॉग उघडून वाचता येते. पहिली चिप बनवणाऱ्याला जे मिळते ते दहा वर्षे जुन्या, शेकडो ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या कोअरला का मिळू नये?

सुरुवात लहान ठेवा. पहिल्या दिवशी फक्त एक फाइल: व्हेरिलेटर लिंट-ओन्ली, ठरावीक आवृत्ती, आजच्या वॉर्निंगची गोठवलेली यादी, नवी वॉर्निंग आली की लाल. पुढच्या महिन्यात पॅरामीटरचा लूप. मग योसिस. ज्या मेंटेनरांना ही पहिली फाइल बसवायलाही वेळ नाही त्यांनी आपल्या रिपॉझिटरीत तसा इश्यू उघडून ठेवावा. मी वापरत असलेल्या कोअरपैकी जिथे तो दिसेल तिथे पहिली पुल रिक्वेस्ट मी पाठवेन, आणि तुमच्या कोडची एकही ओळ तिच्यात बदललेली नसेल.

आपला,
तुमच्याच कोअरवर काम करणारा एक डिझाइन इंजिनिअर